खालच्याची हजेरी

दोर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय करतं? बोटांनी चाचपतं, दोन हातांत धरून एक हिसका देतं, “टिकेल ना शेट?” म्हणून विचारतं आणि मी “टिकेल की” म्हटलं की पाकीट काढतं. कामशेतच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. इतक्या वर्षांत दोराच्या बाबतीत माझ्या शब्दावर विश्वास न ठेवणारा एकच माणूस मला भेटला. भाजे गावचे गेनूआबा. ते भेंडोळं उलगडायचे, एक टोक दुकानाच्या लोखंडी तुळईवरून टाकायचे, गाठ मारायचे, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवायचे आणि सरळ दोराला लटकायचे. साठी ओलांडलेला माणूस, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही पाय पोटाशी घेतलेले, आणि चेहरा असा की बँकेत रांगेत उभे आहेत. एकदा एक बाई बिजागऱ्या काउंटरवर टाकून बाहेर पळाली होती.

“आबा, चपला कशाला काढता?” मी एकदा विचारलं.

“दोराला माजं वजन कळाया पायजे,” ते वरूनच म्हणाले. “चपलांचं कशाला?”

दोर पसंत पडला की पैशांबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत, सांगेन तेवढे देऊन मोकळे. पण पावशेर खिळे घ्यायचे झाले तर सकाळभर घासाघीस. मी म्हणायचो, दोराला एवढे मोजता आणि खिळ्यांवर माझा जीव का खाता? तर म्हणायचे, “खिळ्याला मी टांगून घेत न्हाई.” मी शेवटी पाच-दहा खिळे जास्तच टाकायचो आणि ते पुडी हातात तोलून बघून, आपण जिंकलो हे मला नीट कळेपर्यंत थांबून, मग जायचे.

त्यांचा धंदा झाडांचा. झाडं लावण्याचा नाही आणि मुळासकट पाडण्याचाही सहसा नाही, सांभाळण्याचा. लोणावळ्यात बंगलेवाले शनिवारी येतात, रविवारी जातात, आणि मे महिना आला की एकेकाला शोध लागतो की आपल्या छपरावर सिल्व्हर ओकची भलीमोठी फांदी आली आहे आणि पावसात ती नक्की आपल्याच बेडरूममध्ये उतरणार. मग आबांचा फोन वाजायला लागायचा. वाळलेलं काढायचं, जड झालेलं हलकं करायचं, वायरीला लागणारं मागे घ्यायचं. नगरपरिषदेची परवानगी लागत असेल तर ती आधी आणा म्हणायचे, नाहीतर हात लावणार नाही. माणसं मोजकी. एक ते स्वतः, एक दत्ता नावाचा तरणाबांड गडी, आणि एक खाली.

हा ‘खाली’ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आबांची सगळी गोष्ट त्या खालच्या माणसाची आहे. झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. तो दोर वरच्या एखाद्या भक्कम बेचक्यातून जाऊन परत खाली यायचा आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असायचा. वरचा फांदीवर पुढे सरकला की खालच्याने दोर द्यायचा, वरचा थांबला की धरायचा. वरच्याचा पाय घसरला तर त्याच्या आणि फरशीच्या मध्ये फक्त खालच्याची मूठ. पण लोक बघतात वर. बंगलेवाले वरच्याचे फोटो काढतात, चहा वरच्याला आधी देतात, आणि या धंद्यातले बाकीचे लोक पैसेही वरच्याला जास्त देतात. खालचा म्हणजे शिकाऊ, पाटी उचलणारा, पाला गोळा करणारा. आबांकडे मात्र वरच्याची आणि खालच्याची हजेरी एकच होती. हजेरी म्हणजे दिवसाचा रोज, आमच्याकडे तोच शब्द चालतो. बाजारात लोक त्यांना हसायचे, आणि खोटं कशाला बोला, मीही हसणाऱ्यांतलाच होतो.

दुसरी एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला बराच काळ लागला. आबांच्या बोलण्यात एक शब्द नव्हता. मी विचारलं, “आबा, तंबाखू सोडली म्हणे?” ते म्हणाले, “ठिवली.” मळवलीला गर्दी बघून मागे राहिले तर “गाडी सोडली” म्हणायचे नाहीत, “गाडी फुडं गेली” म्हणायचे. शेजारच्या गावातल्या कुणी बायको सोडली तर आबांच्या तोंडी त्याने तिला माहेरी बसवलेलं असायचं. शेरडं ते मोकळी करायचे. उन्हाळ्यात समोरच्या गाडीवर लिंबू सोडा प्यायला गेले की गाडीवाल्याला म्हणायचे, “लिंबू दे, त्ये फसफसतं त्ये घालून.” गाडीवाल्याला वाटायचं आबांना शब्द आठवत नाही. तो मोठ्याने सांगायचा, “सोडा, आबा, सोडा म्हणायचं.” आबा ऐकून घ्यायचे, पैसे द्यायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा फसफसतं मागायचे.

याचा उलगडा निवृत्तीआप्पांनी केला. हे आबांचे लहानपणापासूनचे मित्र, भाज्याचेच, एक गुडघा वाकत नाही म्हणून काठी घेऊन चालतात. एकदा आबांबरोबर दुकानात आले होते. आबा समोर टपरीवर चहा सांगायला गेले तेव्हा मी त्यांना सोड्याचा किस्सा रंगवून सांगितला. आप्पा हसले, मग काठी गुडघ्यावर आडवी ठेवून म्हणाले, “त्यो शबुद ह्या गुडघ्यात हाय, शेट.”

झालं होतं असं. दोघं तरुण असताना हेच काम करायचे. आप्पा वर, आबा खाली. लोणावळ्यात दरीच्या बाजूचा बंगला, जांभळाचं झाड, आणि वारं उठलेलं. आप्पांचा पाय सालीवरून निसटला आणि ते ओरडले, “सोडू नको.”

“ ‘सोड’ तेवढं खाली आलं,” आप्पा म्हणाले, “ ‘नको’ वाऱ्यानं खाल्लं.”

आबांनी सोडला. आप्पा बंगल्याच्या पायरीवर आले. जीव वाचला, गुडघा गेला. “त्याचा काय दोष न्हाई. मीच म्हनलोतो ना, सोडू बिडू. धर म्हनाया पायजे व्हतं.” आप्पांनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू कुणा तिसऱ्याचाच गुडघा. तेवढ्यात आबा चहा घेऊन आले आणि आम्ही खिळ्यांच्या भावावर बोलायला लागलो.

त्या दिवसानंतर आबांच्या कामावर तीनच शब्द राहिले. ‘दे’ म्हणजे दोर दे. ‘धर’ म्हणजे धर. आणि वरच्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले की त्याने म्हणायचं ‘झालं’. ‘झालं’ ऐकल्याखेरीज खालच्याने मूठ उघडायची नाही, समोर वाघ आला तरी. ‘नको’वाली कुठलीच आज्ञा कामावर चालायची नाही. दत्ता एकदा वरून सहज “आबा, पाणी नको” म्हणाला होता, तर त्याला खाली उतरवून बोलणी खाऊ घातली.

आबांचा खालचा म्हणजे त्यांचा भाचा. तो तळेगावला कारखान्यात लागला आणि आबांची पंचाईत झाली. माणसं पुष्कळ मिळत होती, पण सगळ्यांना वर जायचं होतं. वर गेलं की व्हिडिओ निघतो, खाली उभ्या माणसाचा कोण काढतो? म्हणून आबांनी निवड माझ्या दुकानात करायचं ठरवलं. मला न विचारता, हे सांगायला नकोच.

परीक्षा अशी. दोर माझ्या तुळईवरून टाकलेला. एक टोक बाहेर, दुकानाच्या पायरीवर उभ्या उमेदवाराच्या हातात. दुसरं टोक आत, उमेदवाराला दिसणार नाही असं, आणि त्याला ऑइल पेंटचा भरलेला डबा. डबा नेमका माझ्या काचेच्या काउंटरच्या वर. मी म्हटलं, आबा, दुसरं काही बांधा, तर म्हणाले, “फुटनारं कायतरी लागतंच की.” उमेदवाराला एवढंच सांगायचं, “मी येस्तवर धर.” आणि स्वतः समोरच्या टपरीवर बाकावर बसून चहा प्यायचे. माझा जीव टांगणीला म्हणजे अगदी शब्दशः टांगणीला. पहिल्या पोराने थोड्या वेळाने “काका, हात दुखतोय” म्हणून टोक माझ्याकडे दिलं आणि गेला तो गेलाच. दुसऱ्याने शहाणपणाने दोर शटरच्या कडीला बांधला आणि मोबाइल काढला. आबांनी टपरीवरूनच हात हलवून त्याला निरोप दिला.

तिसऱ्याला फोन आला. त्याच वेळी पायरीवर एक बाई कडीकोयंडा घेऊन निघाली होती. “ताई, जरा धरा,” म्हणत त्याने टोक तिच्या हातात कोंबलं आणि बोलत बोलत बाजाराच्या दिशेने चालता झाला.

ही मंगल. नाणे मावळातल्या एका वाडीतली, भाताच्या लावणीला आणि काढणीला लोकांच्या शेतावर जाणारी, पस्तिशीच्या आसपासची. तिने पहिल्यांदा दोराकडे बघितलं, मग त्या पोराच्या पाठीकडे, मग माझ्याकडे. “शेट, बलवा की त्याला.” मी हाका मारल्या. तो गर्दीत दिसेनासा झाला. तेवढ्यात तिची वाडीकडे जाणारी वडापची जीप आली. ड्रायव्हर हॉर्न देतोय, आतल्या बायका “अगं चल की” करतायत, आणि ही एका हाताला दोराचा वेढा देऊन पायरीवर उभी. “जावा तुमी,” ती म्हणाली, आणि जीप गेली. मग तिने मला, त्या पोराला, दोराला आणि एकूणच कामशेतच्या बाजाराला जी लाखोली वाहिली ती मी इथे लिहीत नाही. पण हात तसूभर खाली आला नाही. मला सांगता आलं असतं, की बाई, ही परीक्षा चाललीय, पण समोरून आबा माझ्याकडे असे बघत होते की माझं तोंड उघडेना.

आबा चहाचा ग्लास ठेवून आले. “बाय, जीप गेली तुजी.”

“गेली की. दिसली मला.”

“मग धरून का ऱ्हायलीस?”

“दुसऱ्या टोकाला काय हाय त्ये मला काय म्हाईत?” मंगल म्हणाली. “कुनाच्या डोस्क्यात पडलं तर?”

आबा माझ्याकडे वळले. “शेट, डबा काढा.” मी इतक्या आनंदाने आजवर कुठलाच डबा काढलेला नाही. तिने आत डोकावून डबा, काउंटर आणि माझा घामेजलेला चेहरा बघितला आणि पहिल्यांदा हसली. आबांनी तिला तिथेच काम विचारलं. झाडावर चढायचं नाही, खाली उभं राहून दोर धरायचा, शिकवायचं ते मी शिकवीन, आणि हजेरी गड्याची.

आमच्याकडे बाईची हजेरी वेगळी, गड्याची वेगळी. भातात बाया जास्त वाकतात आणि कमी घेतात, हे इतकं ठरलेलं आहे की त्याची कुणी कुरकुरही करत नाही. त्यामुळे गड्याची हजेरी म्हटल्यावर तिचा चेहरा खुलायच्या ऐवजी आक्रसला. “का?” तिने विचारलं. त्या एका ‘का’मध्ये आबांच्या चालचलणुकीपासून माझ्या दुकानापर्यंत सगळ्यांवर संशय होता. आबांना त्याचा राग आला नाही. “उद्या मालकाला घेऊन ये,” ते म्हणाले, “त्याला बी बघू दे.” दुसऱ्या दिवशी ती खरंच नवऱ्याला घेऊन आली. तो बिचारा टेम्पोवर जायचा, कमरेने अधू झालेला. त्याने आबांना नमस्कार केला, दोर हातात घेऊन बघितला आणि बायकोला म्हणाला, “तुज्या हातनं माज्या घराची दोरी बी सुटत न्हाई, ह्याची काय सुटनार हाय.” झाली भरती.

हजेरी वाटायची जागाही माझं दुकानच, कारण सुट्टे माझ्याकडे मिळायचे. फोनवरून पैसे पाठवणं आबांना मान्य नव्हतं. हातात पडल्याखेरीज ती हजेरीच वाटत नाही म्हणायचे. पहिल्या हजेरीला आबांनी दत्ताच्या हातावर जेवढे ठेवले तेवढेच मंगलच्या हातावर ठेवले. ती ओट्यावर जाऊन ते पुन्हा पुन्हा बघत बसली आणि दत्ताचं तोंड उतरलं.

“आबा,” तो माझ्यासमोरच म्हणाला, “भाचा व्हता तवा म्या कदी बोललो न्हाई. पन ही शिकाऊ. त्यात बाई. आन् खाली उभी ऱ्हाती.”

“वरचा पडला तर शिकाऊ पडंल व्हय?” आबांनी विचारलं.

“तसं न्हाई, पन...”

“बरं. कमी करू तिची. किती कमी करू?”

दत्ता हातातल्या नोटा पुन्हा मोजायला लागला.

“तू म्हनशील तेवढी करतो. उद्या सकाळी तू वर असनार, तुजा दोर तिच्या हातात. सांग, केवढ्याचा हात लावू खाली?”

दत्ताने डोकं खाजवलं, माझ्याकडे बघितलं. मी वजनकाट्याची पारडी पुसायला घेतली. “ऱ्हाऊ द्या, आबा,” तो शेवटी म्हणाला. त्यानंतर त्या विषयावर तो कधी बोलला नाही, आणि पुढे तर मंगल आजारी असली की दत्ताच म्हणायचा, आज वर जायला नको.

मी धंदेवाला माणूस. मला आबांचं हे सगळं पटायचं नाही. विशेषतः वाऱ्याची हजेरी. वारं उठलं की आबा काम थांबवायचे, सगळ्यांना खाली घ्यायचे आणि तरीही दिवसाची हजेरी पुरी द्यायचे. बंगलेवाला म्हणायचा, काम अर्धं झालं, पैसे अर्धे. त्याचंही काही चुकत नव्हतं. आबा त्याच्याकडून अर्धे घ्यायचे आणि उरलेले आपल्या खिशातून घालायचे. मी एकदा चिडून म्हटलं, “असा धंदा करतात का? वारं काय तुम्ही आणलंत?”

ते काउंटरवर रेलले. “शेट, आज हजेरी कापली तर फुडल्या बारीला वारं आलं तरी ह्यो दत्त्या उतरनार न्हाई. म्हनंल, अर्धा दिस बुडंल. मंग त्याला मलाच उचलून न्यावा लागंल.” मग म्हणाले, “एक उचललाय म्या.”

मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी फार माया वाटली. पण तसं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. मी त्यांना खिळे दाखवले.

मंगल चांगली तयार झाली. दोन उन्हाळे ती खाली उभी राहिली. आबांचा दोर हातात असताना ती बोलायची नाही, माश्या हाकलायची नाही, डोळे वर लागलेले. जड फांदी उतरवायची तर शेजारच्या खोडाला दोराचे वेढे मारून ती अशी अलगद टेकवायची की खालचं फुलझाडही वाकू नये. आणि एक गोष्ट मला दत्ताकडून कळली. आप्पांच्या अपघातानंतर आबांनी स्वतःचा दोर भाच्याखेरीज कुणाच्याही हातात दिला नव्हता. दत्ताच्याही नाही. आता तो मंगलच्या हातात असायचा. त्यांचे खांदे दुखायला लागले होते, डोळ्याला कमी दिसायला लागलं होतं, पण मंगल खाली आहे म्हणून ते वर जात होते.

मग पावसाळ्यानंतर एक दिवस मंगल एकटीच दुकानात आली. काही घ्यायचं नव्हतं. काउंटरवरचे बोल्ट उगीच एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत राहिली. लोणावळ्यात एका मोठ्या रिसॉर्टच्या बागांचं काम बघणाऱ्या ठेकेदाराने तिला काम करताना बघितलं होतं. त्याला बायकांच्या टोळीवर मुकादम हवी होती. महिन्याचा पगार, पावसाळ्यातसुद्धा, फंड कापून. आबांकडे पावसाचे चार महिने कामच नसायचं, आणि तिच्या घरात नवऱ्याचा टेम्पो जवळजवळ बंद झाला होता.

“मग अडलंय कुठं?” मी विचारलं.

“मी गेली तर आबांचा दोर कोन धरंल?”

“दत्ता धरेल.”

“त्याच्या हातात त्ये देत न्हाईत. तुमाला म्हाईत हाय. मी गेली की त्येंचं वर जानं बंद. धंदाच बंद.” तिने बोल्ट ठेवून दिले. “म्या त्या मानसाला सांगितलंय, कळवते म्हनून. तुमी आबांला इचारता का, शेट? मला न्हाई जमत.”

त्या बाईला कुणी काही बांधून घातलं नव्हतं. पण ‘झालं’ ऐकल्याखेरीज मूठ उघडायची नाही हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की ती तशीच उभी होती, आणि तो ठेकेदार काही जन्मभर थांबणार नव्हता.

आबा खिळे घ्यायला आले तेव्हा मी सांगून टाकलं. ठेकेदार, पगार, पावसाळा, सगळं. त्यांनी मान वर केली नाही. पुडी घेतली, मी सांगितला तो भाव दिला आणि निघाले. घासाघीस नाही, पुडी तोलून बघणं नाही. ओट्यावर जाऊन उलटे फिरले. “मला सांगाया पायजे व्हतं तिनं.”

“तिला वाटतं तुमचं काम बंद पडेल.”

“पडंल की,” आबा म्हणाले आणि गेले.

पुढे कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. कामं चालू, मंगल खाली, आबा वर. मला आबांचा राग यायला लागला. गड्याची हजेरी देणारा माणूस, आणि आता स्वतःवर आली तर तोंड शिवून बसला? एकदा न राहवून मी म्हटलं, “आबा, आता तिला सोडा.” तो शब्द मी मुद्दाम वापरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, “वलवणच्या शिरीषाच्या झाडाला कप्पी लागंल. जुनी अडाकती. उद्या दुपारपतूर आनून द्याल का?”

मी स्कूटरवर कप्पी घेऊन गेलो. बोलत्या-चालत्या आबांचं मला झालेलं तेच शेवटचं दर्शन. त्यानंतर त्यांना दोर लागला नाही, त्यामुळे दुकानात येणंही झालं नाही, आणि मागच्या हिवाळ्यात निवृत्तीआप्पा काठी टेकत आले ते खबर घेऊनच. अंत्यदर्शनाला मी गेलो होतो, पण तो चेहरा माझ्या ध्यानात राहिलेला नाही. ध्यानात आहे ती ती दुपार.

वलवणच्या बाजूचा जुना बंगला, अंगणभर पसरलेला शिरीष. मी पोचलो तेव्हा आबा स्वतः वर होते, इतके वर की पानांतून फक्त पिवळं हेल्मेट दिसत होतं. दत्ताने कप्पी घेतली. मंगल खोडापासून जरा लांब, पाय रोवून उभी. मी आलेला तिला कळलंच नाही. वरून आवाज आला, “दे,” आणि तिच्या हातांतून दोर हातभर सरकला. “धर,” आणि तो दगडासारखा थांबला. एक मोठी वाळकी फांदी कप्पीवरून खाली आली. मग छोट्या. मग वर करवतीचा आवाज बंद झाला आणि आबा उतरायला लागले. दर फांदीवर थांबत, दम खात. “दे. दे. धर. दे.” शेवटच्या बेचक्यातून ते शिडीवर आले, शिडीवरून मातीत. दोन्ही पाय टेकले.

आता ‘झालं’ म्हणायचे. म्हणाले नाहीत.

हेल्मेट काढलं. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. कमरेचा दोर अजून बांधलेला, आणि त्याचं दुसरं टोक मंगलच्या मुठीत ताणलेलं. ती शब्दाची वाट बघत होती. आबा तिच्याकडे वळले.

“सोड,” ते म्हणाले.

दत्ताच्या हातातली कप्पी खाली पडली. मंगलने मूठ उलट आणखी आवळली. हा शब्द या माणसाच्या तोंडून तिने कधी ऐकलेलाच नव्हता. तिने वर झाडाकडे बघितलं, वाऱ्याने काही खाल्लं की काय म्हणून. पण वारं नव्हतं.

“आबा, काय म्हनलात?”

“त्या ठेकेदाराला कळीव, येती म्हनून. आजच कळीव.”

“आन् तुमचा दोर?”

आबांनी खाली आपल्या पायांकडे बोट दाखवलं. चपला नव्हत्या, बोटं मातीत रुतलेली.

“पाय जमिनीवर हायेत माजं. बघ,” ते म्हणाले. “सोड, मंगल.”

ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग तिने एकेक बोट उघडलं, आणि दोर खाली पडला.